शेवटच्या भाकरीवरचा अंगठा

कार्तिकी लवटे संख्याशास्त्रात वर्गात पहिली होती, पण तिला भाकरी येत नव्हती. दुसऱ्या कुणाला येत नसती तर कुणी लक्षही दिलं नसतं. पण कार्तिकी मंगळवेढ्याकडची, म्हणजे ज्वारीच्या मुलखातली. त्यामुळे माणगंगा विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात या गोष्टीवरून वर्षभर हसणं चालू होतं. गॅदरिंगच्या आधी मुलींनी मागच्या अंगणात चूल मांडली होती, तेव्हा कार्तिकीनं थापलेली भाकरी परातीतून निघेचना. निघाली ती तीन तुकडे होऊन. तिच्या खोलीतल्या सानिया तांबोळीनं त्या तुकड्यांना सोलापूर, सांगली आणि सातारा अशी नावं दिली आणि सातारा स्वतः खाल्ला.

भाकरी न येण्याचं कारण घरातच होतं. कार्तिकीची आई उज्ज्वला डावखुरी. तिची भाकरी परातीत उलट्या बाजूला फिरायची. शेजारी बसून शिकायला जावं तर कोपराला कोपर लागायचं आणि पीठ सांडायचं. दोन-चारदा असं झाल्यावर आईनंच विषय मिटवला होता. "जाऊ दे. तू शाळा शीक. भाकरी थापायला मी हाय की."

विद्यार्थी विकास कक्षाबाहेर एक मोठा फलक होता. कागद चिकटवायचे दिवस जाऊन त्या जागी आता पडदा आला होता, तरी सगळे त्याला फलकच म्हणत. 'कमवा आणि शिका' योजनेतली कामं डाव्या बाजूला असत : ग्रंथालयात पुस्तकं लावणं, रोपवाटिकेत पाणी देणं, पहिल्या वर्षाच्या मुलांचं गणित घेणं. कार्तिकी सकाळी ग्रंथालयात असायची. उजव्या बाजूला संशोधनाच्या जाहिराती असत, ज्यात भाग घेतला की मानधन मिळायचं. झोपेच्या अभ्यासाला सगळ्यात मोठी रांग लागे. मुंग्या मोजायच्या अभ्यासाला कुणी फिरकत नसे. एका सोमवारी तिथं नवी जाहिरात झळकली. वीस दिवस, रोज चाळीस मिनिटं, हाताला नवं कसब. अट एकच होती : भाकरी अजिबात येता कामा नये.

"तुझ्यासाठीच काढलीय ही," सानिया म्हणाली. "फक्त नाव लिहायचं विसरलेत." आणि तिनं कार्तिकीला दंडाला धरून ओढत प्रयोगशाळेत नेलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. अनघा खांबेटे पन्नाशीच्या होत्या. चष्मा केसांत खोचून तोच टेबलावर शोधत बसण्यात त्यांचा दिवसातला बराच वेळ जाई. दुपारचा डबा संध्याकाळी जसाच्या तसा घरी नेण्याबद्दल त्या साऱ्या इमारतीत प्रसिद्ध होत्या. पण विषय निघाला की त्या असं समजावून सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे तर आपल्याला आधीपासून माहीतच होतं.

"सायकल चालवायला तू कशी शिकलीस?" त्यांनी कार्तिकीला विचारलं.

"पडून पडून."

"बरोबर. कुणी सांगून सायकल येत नाही. कारण ते ज्ञान आपल्या बोलणाऱ्या, विचार करणाऱ्या मेंदूत नसतंच. ते असतं मागं, लहान मेंदूत. आपण चुकतो, तेव्हा स्नायूंकडून तिथं खबर जाते : इतकं डावीकडं झुकलं, इतकं जास्त दाबलं. लहान मेंदू पुढच्या वेळी थोडीशी दुरुस्ती करतो. अशा हजारो दुरुस्त्या झाल्या की हाताला वळण लागतं. आम्ही फक्त त्या हजारो चुका वाचवतो."

त्यांनी टेबलावरून एक राखाडी बाही उचलली. मनगटापासून कोपरापर्यंत येणारी, आतून बारीक ठिपक्यांची. यंत्राचं खरं नाव भलंमोठं होतं, पण सगळे त्याला बाहीच म्हणत.

"आधी ही बाही एखाद्या मुरलेल्या बाईच्या हातात घालायची. ती भाकरी थापते तेव्हा कुठला स्नायू कधी, किती ताणला, हे सगळं नोंदलं जातं. मग तीच बाही तुझ्या हातात. तू थापायला लागलीस की ती तुझा हात आणि तिचा हात ताडून बघते. तुझा हात चुकणार असं दिसलं, की चूक व्हायच्या क्षणभर आधी तुझ्या नसेला बारीक इशारा देते. लहान मेंदूला वाटतं, दुरुस्ती आपणच केली. आणि तो ती लक्षात ठेवतो."

"पण भाकरीच का, मॅडम?"

"उद्या मला हे अर्धांगवायूनं हात गेलेल्या माणसांसाठी वापरायचंय. विणकर, कुंभार म्हातारे होतात, त्यांचं कसब जपायचंय. पण सुरुवातीला असं काम हवं होतं, की जे दोन्ही हातांचं आहे, दोन मिनिटांत संपतं आणि जमलं की नाही हे लगेच कळतं. भाकरी टम्म फुगली की नाही, हे तर आमच्या अनुदान समितीलाही कळतं."

कार्तिकीनं सही केली. कागदावर एक कलम ठळक होतं. ज्या बाईचा हात मिळणार तिला 'दाता' म्हटलं होतं आणि तिचं नाव गुप्त राहणार होतं. ते शोधायचा प्रयत्न केला तर अभ्यासातून नाव कमी होणार होतं. कार्तिकीच्या वाट्याला आली दाता क्रमांक सात.

पहिले पाच-सहा दिवस हाताला नुसत्या मुंग्या येत होत्या. मग हात सूचना करू लागला. उंडा मळताना तळव्याची टाच आपोआप पुढं जायची. अकराव्या दिवशी तव्यावरची भाकरी उलटली आणि ती कडेपासून कडेपर्यंत फुगली. पापुद्रा सुटला तसा वाफेचा वास प्रयोगशाळाभर पसरला. कार्तिकीच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. संख्याशास्त्रात पहिली आल्यावर तिला एवढा आनंद झाला नव्हता.

क्रमांक सातचा हात तिच्यासकट चाळीस जणांना दिला होता आणि त्याचा परिणाम दोन आठवड्यांत विद्यापीठभर दिसू लागला. ज्या मुलांनी जन्मात पिठाला हात लावला नव्हता, ती खानावळीत जाऊन आचाऱ्यांना म्हणू लागली, "सरका, काका." भौतिकशास्त्राचा एक धिप्पाड मुलगा रविवारी तीस भाकऱ्या थापून मगच अभ्यासाला बसे. आचारी काका आधी चिडले, मग खुर्ची टाकून बसायला शिकले. आणि या चाळीसही जणांना एक खोड लागली होती. थापायला बसलं की आधी ते परातीच्या काठावर बोटांनी दोनदा टकटक करत. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

दुसरी खोड कार्तिकीनं हेरली.

"मॅडम, भाकरीच्या काठावर हा अंगठा कशाला उमटतो?" तिनं विचारलं.

"तो गोंगाट आहे," खांबेटे मॅडम म्हणाल्या. "दात्याच्या हाताचा एखादा फालतू झटका असणार. गाळून टाकू."

"गोंगाट असता तर कधी पहिल्या भाकरीवर आला असता, कधी चौथ्या. मी तीन आठवडे मोजलंय. पाच भाकऱ्या केल्या तर पाचवीवर, आठ केल्या तर आठवीवर. फक्त शेवटच्या भाकरीवर, तव्यावर टाकायच्या आधी, काठाला एकच अंगठा. चाळीस जणांत एकही अपवाद नाही."

मॅडमनी चष्मा शोधला, तो कार्तिकीनं त्यांच्या केसांतून काढून दिला, आणि त्यांनी तिच्या वहीतला तक्ता नीट पाहिला.

"म्हणजे यंत्राला कसब आणि सवय यांतला फरक कळत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "जे जे हात नेमानं करतो ते सगळं त्यानं उचललंय. हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कार्तिकी." आणि त्याच दमात त्यांनी तिला विचारलं, की पुढच्या वर्षी ती इथं संशोधन सहायक म्हणून येईल का. पदवीच्या मुलांना हे काम सहसा मिळत नसे. तिनं लगेच हो म्हटलं. तयारीसाठी दुसऱ्याच दिवसापासून नोंदींच्या संगणकाची जबाबदारी तिच्याकडं आली.

त्या शनिवारी ती घरी गेली, ती मोठ्या तोऱ्यात. आईला म्हणाली, "आज तू नुसती बस. भाकरी मी करणार."

"तू? बरं बाई. कुत्र्याला तरी मिळंल कायतरी," आई म्हणाली आणि दाराशी लसूण सोलत बसली.

कार्तिकीनं परात ओढली. काठावर टकटक केलं. लसूण सोलणारे हात थांबले, ते तिला दिसलं नाही. पहिली भाकरी फुगली, दुसरी फुगली, तरी आईकडून शब्द नाही. कार्तिकीला वाटलं, कौतुकानं गप्प झाली असेल. पाचवी, शेवटची भाकरी थापून झाली आणि तिच्या उजव्या अंगठ्यानं काठाला एक ठसा उमटवला. आई ताडकन उठून परातीपाशी आली.

"ह्यो कुणाचा हात हाय?"

"अगं, तुला सांगितलं नव्हतं का, बाहीचं?"

"ते यंत्राचं राहू दे. हात कुणाचा?"

"माहीत नाही. दाता क्रमांक सात. नाव सांगत नाहीत."

आई खालीच बसली. भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली. उज्ज्वलानं तो ठसा बोटानं हलकेच चाचपला आणि मग, पोरीच्या वीस वर्षांत कधीही न सांगितलेली गोष्ट तिनं सांगितली.

तिची आई, म्हणजे कार्तिकीची आजी, भाकरीला बसली की परातीवर दोनदा वाजवायची. पोरांना हाक मारायची ती तिची रीत होती. घरात जे माणूस अजून परतलं नसेल त्याच्यासाठी ती शेवटच्या भाकरीला अंगठा लावायची. ती भाकरी दुसऱ्या कुणी खायची नाही. बाजाराला गेलेले आबा बऱ्याचदा उशिरा यायचे, त्यांची ती भाकरी. दोन्ही बहिणींनी हे आईकडून उचललं. थोरली कांचन उजव्या हाताची, तिनं आईचा हात जसाच्या तसा घेतला. धाकटी उज्ज्वला डावखुरी, तिचं सगळं उलटं.

"माझं तर अंगठं दोन असायचं," आईला रडता रडता हसू आलं. "एक आबांचा, आन एक मोत्याचा. आमचं कुत्रं. ते बी त्यांच्यासंगट बाजारला जायचं ना. आक्का लई हसायची मला."

कांचनआक्कानं जातीबाहेरच्या माणसाशी लग्न ठरवलं, तेव्हा आबांनी घर बंद केलं. स्टँडवर निरोप द्यायला धाडलं ते सतरा वर्षांच्या उज्ज्वलाला. तिनं पाठ करून आलेला निरोप म्हणून दाखवला : तुझा आमचा संबंध संपला, परत येऊ नकोस. आक्का तशीच गाडीत बसली. त्याला चोवीस वर्षं झाली.

"मी शोधली नाही असं न्हाय. आबा गेल्यावर सोलापुरात गेलते पत्ता काढत. त्यांनी घर बदललं हुतं. फुडं हिंमतच झाली न्हाय. गावली तर कुठल्या तोंडानं उभी ऱ्हाऊ?" उज्ज्वलानं पदरानं डोळे पुसले. "कार्तिके, आई गेली, मी तर त्या दिसापासनं सोडलं. दुनियेत असा अंगठा लावणारी आता ती एकटीच हाय. ती हाय. आन ती अजून कुणाची तरी वाट बघतीया."

ती पाचवी भाकरी उज्ज्वलानं स्वतः भाजली आणि फडक्यात गुंडाळून ठेवून दिली.

सोमवारी कार्तिकी नोंदींच्या संगणकासमोर बसली तेव्हा तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. 'दाते' नावाचा कप्पा पडद्यावर समोरच होता. उघडायचा परवलीचा शब्द मॅडमनी तिलाच दिला होता. एकदा उघडलं की नाव, गाव, फोन नंबर. आईनं काही मागितलं नव्हतं, पण निघताना ती फाटकापर्यंत आली होती आणि तिथंच उभी राहिली होती. ते उभं राहणं कार्तिकीला मागण्यापेक्षा जड गेलं होतं.

तिनं बोट पुढं नेलं आणि मागं घेतलं. नाव कमी होण्याची भीती होतीच. सहायकाची जागा हातची जाणार, याचंही वाईट वाटत होतं. पण खरी अडचण वेगळीच होती. कांचनमावशीनं, ती कांचनमावशी असेल तर, गुप्ततेच्या कागदावर विश्वासानं सही केली होती. तिला एकदा न विचारता घराबाहेर काढलं होतं. आता न विचारता तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, म्हणजे पुन्हा तिला विचारायचंच नाही. कार्तिकीनं संगणक बंद केला आणि उठून मॅडमकडं गेली.

सगळं ऐकून खांबेटे मॅडम म्हणाल्या, "मी हो म्हणू शकत नाही. आणि नाहीसुद्धा म्हणू शकत नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"कप्पा उघडलास?"

"नाही."

"उघडावासा वाटला?"

"फार."

मॅडमनी डब्याकडं पाहिलं, तो न उघडताच बाजूला सारला आणि म्हणाल्या, "तुझं नाव मी काढत नाही. पण मला हे नीतिसमितीला सांगावं लागेल. आणि क्रमांक सातच्या नोंदींना तू आता हात लावायचा नाहीस."

कार्तिकी मान खाली घालून निघाली. फलकापाशी आली आणि तिथंच थबकली. तिथं त्याच प्रयोगशाळेची दुसरी जाहिरात होती, दोन महिने तशीच पडून असलेली. दुसऱ्या टप्प्यात मुरलेल्या दात्यांनाच एकमेकींचे हात देऊन बघणार होते : ज्या हाताला आधीच पक्कं वळण आहे, तो हात दुसरं वळण घेतो का? त्यासाठी एक डावखुरी दाता हवी होती. तिची नोंद आरशातल्यासारखी उलटी करून बाकीच्या दात्यांना देणार होते. पण डावखुरी बाई काही मिळत नव्हती. ज्या होत्या त्यांना लहानपणीच मारून-मुटकून उजवं केलेलं होतं.

कार्तिकी धावत परत वर गेली. "मॅडम, माझी आई डावखुरी आहे. तिला कुणी उजवं करू शकलं नाही."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "नाव नाही, निरोप नाही, शब्द नाही," त्या हळूहळू म्हणाल्या. "फक्त हात. आणि समोरच्या बाईला वाटलं तर ती ओळखेल, नाही वाटलं तर बाही काढून ठेवील." मग त्यांनी समितीला पत्र लिहिलं, त्यात काहीही लपवलं नाही. समितीनं दोन बैठका खाल्ल्या, चहा प्यायला आणि परवानगी दिली. कुणीही कुठल्याही क्षणी थांबू शकेल, आणि निरोप द्यायचाच झाला तर तो दोघींच्या संमतीनं प्रयोगशाळेमार्फत जाईल, एवढ्या अटी घातल्या.

उज्ज्वला ठेवणीतलं लुगडं नेसून आली. प्रयोगशाळेतला गॅस बघून तिनं नाक मुरडलं, पिठाची चिमूट चोळून "दळण जाडं हाय" म्हणाली, आणि बाही चढवताना विचारलं, "ह्यात करंट तर न्हाय ना?" मग ती परातीला बसली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं काठावर दोनदा वाजवलं. सहा भाकऱ्या झाल्या. सहावीवर तिचा डावा अंगठा थांबला. मग तिनं तो काठावर दाबला, एकदा आणि त्याच्या शेजारी पुन्हा एकदा. असं तिनं सलग चार दिवस केलं.

त्यानंतर वाट बघणं आलं. दाता बायका सोलापूर-पंढरपूरकडून सवडीनं यायच्या. कार्तिकी पुस्तकं लावत होती, परीक्षेचा अभ्यास करत होती आणि दर दोन दिवसांनी आईचा फोन यायचा. आई भाजीपाल्याचं बोलायची, पाण्याच्या टँकरचं बोलायची, आणि शेवटी म्हणायची, "बाकी काय न्हाय ना?" कार्तिकी म्हणायची, "बाकी काही नाही."

तीन आठवड्यांनी, एका सकाळी, खांबेटे मॅडम ग्रंथालयात आल्या. त्या इतक्या वर्षांत ग्रंथालयात कधी आल्या नव्हत्या. चष्मा केसांत, हातात एक घडी घातलेला कागद.

"क्रमांक सातनं बाही पाचव्या दिवशी काढून ठेवली," त्या म्हणाल्या.

कार्तिकीच्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

"ऐक तर. पहिले चार दिवस तिचा हात काही दाद देत नव्हता. काल शेवटच्या भाकरीवर तिनं अंगठा लावला, आणि बाहीनं आणखी एक लावायला सांगितलं. तिच्या हातानं ऐकलं. दोन ठसे बघून ती इतका वेळ तशीच बसली की तवा तापून लाल झाला. मग मला म्हणाली, हा हात ज्या बाईचा आहे तिला निरोप द्या. मी शब्दशः उतरवून घेतलाय. आता तुझ्या आईची संमती घे, आणि ती हो म्हणाली तरच वाच."

आईनं फोनवर हो म्हणायला अर्धा क्षणही घेतला नाही. कार्तिकीनं कागद उघडून वाचला :

"मोत्या तर कवाच गेला म्हणावं. दुसरा अंगठा आता कुणासाठी लावतीस गं?"

मग आई म्हणाली, "तिच्या पोरांसाठी, म्हणावं. एक तिचा, एक तिच्या पोरांचा. सांग तिला."

अभ्यास संपला त्या रविवारी विद्यापीठानं खानावळीत सगळ्यांना जेवण दिलं : पिठलं, भाकरी, ठेचा. चाळीस मुलं-मुली, सगळ्या दाता बायका, आचारी काका खुर्चीवर. कांचन बसमधून उतरून फाटकातून आली तेव्हा कार्तिकीनं तिला चेहऱ्यावरून ओळखलं नाही. हातावरून ओळखलं. पिशवीचा बंद धरताना अंगठा जसा बाजूला राहत होता, तसाच आता कार्तिकीचाही राहायचा.

उज्ज्वला चार पावलं पुढं झाली. "आक्का, मी त्या दिवशी स्टँडवर..."

"सतरा वर्सांची हुतीस," कांचन म्हणाली. "तोंड तुझं, बोलणं आबांचं. मला तवाच कळलं हुतं."

"मग आली का न्हाईस कधी?"

"येऊ नको म्हणलं हुतं की." कांचननं पिशवी खाली ठेवली. "दारात येऊन पुन्हा तेच ऐकायचं बळ नव्हतं, उजे. म्हणून नुसती भाकरी ठेवायचे, तुमच्या नावाची."

"आई बी ठेवायची. तुझ्या नावाची. मरस्तोवर एक दिस चुकली न्हाय."

कांचनला हे माहीत नव्हतं. ती पुढं झाली आणि दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून, चाळीस पोरांच्या देखत, मोठ्यानं रडल्या. सानियाही रडली. भौतिकशास्त्राचा धिप्पाड मुलगा कांदा चिरतोय असं सांगू लागला, पण त्याच्या हातात कांदा नव्हता.

मग दोघी एका परातीला बसल्या. एक उजवीकडून, एक डावीकडून, मध्ये कार्तिकी उंडे करून देत होती. कोपराला कोपर लागत होतं, पण पीठ सांडत नव्हतं. बोलता बोलता पिठाचा डबा तळाला गेला. शेवटची भाकरी कांचननं थापली. सगळे बघत होते, कारण त्या अंगठ्याची गोष्ट एव्हाना विद्यापीठात सगळ्यांना कळली होती. कांचनचा अंगठा सवयीनं काठाशी गेला. तिथं थांबला. तिनं एकदा धाकट्या बहिणीकडं पाहिलं, एकदा भाचीकडं, आणि हात उचलून घेतला.

"आता कुणासाठी लावू?" ती म्हणाली. "आली की सगळी."

तिनं ती भाकरी तशीच, बिनठशाची, तव्याकडं नेण्यासाठी उचलून कार्तिकीच्या हातावर ठेवली. आणि कार्तिकीच्या अंगठ्यानं, तिला न विचारता, काठ दाबला.

"अगं, झालं की आता," उज्ज्वला हसत म्हणाली. "ही कुणाची?"

कार्तिकीनं पंगतीवरून नजर फिरवली. मग खिडकीतून समोरच्या इमारतीकडं पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर, केसांत चष्मा खोचून कुणीतरी टेबलावर काहीतरी शोधत होतं.

"मॅडम अजून जेवायच्या आहेत," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.